भिंतीपलीकडे काय शिजते आहे?

१४ एप्रिल ही तारीख महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती म्हणून ती आपल्याला पाठ आहे. पण त्याच दिवशी ठिकठिकाणच्या अग्निशमन केंद्रांत जवान रांगेने उभे राहतात, कर्तव्य बजावताना गेलेल्या सहकाऱ्यांना मानवंदना देतात आणि तिथून अग्निसुरक्षेचा सप्ताह सुरू होतो. हा दिवस दिल्लीत बसून कुणी कॅलेंडरातून निवडलेला नाही. तो आपल्या मुंबईच्या गोदीतून आला आहे. धोकादायक रसायनांचे कारखाने आणि त्यांच्या शेजारी राहणारे आपण, या आजच्या विषयाची सुरुवातही तिथूनच करू या.

'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. दुसरे महायुद्ध चालू होते. जहाजाच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, सोन्याच्या विटा होत्या आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या होत्या. तेलाची पिंपेही होती. १४ तारखेच्या दुपारी कापसातून धूर दिसू लागला. बंब आले, पाणी मारणे सुरू झाले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली असे सांगतात. आग विझवायला गेलेले ६६ जवान मृत्युमुखी पडले. एकूण बळींची संख्या कुणी आठशे सांगते, कुणी तेराशे.

या घटनेतली एक बारीक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. स्फोटके वाहून नेणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावावा असा रिवाज होता. 'फोर्ट स्टिकिन'वर तो नव्हता. शेजारच्या धक्क्यावर ओझी उचलणाऱ्या हमालाला, मस्जिद बंदरच्या गाळ्यात बसलेल्या व्यापाऱ्याला आणि भायखळ्याहून बंब घेऊन निघालेल्या जवानाला आपण कशाच्या शेजारी उभे आहोत हे ठाऊक नव्हते. आग कापसाला लागली होती. माणसे मेली ती कापसाशेजारी काय ठेवले आहे हे न कळल्यामुळे.

योगायोग असा की त्या दिवशी ५३ वर्षांचे झालेले बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामगारांच्या कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतली, १९४६ सालची. त्या वाटेवरून पुढे स्वतंत्र भारताचा १९४८चा कारखाने कायदा आला. अपघातात बोट तुटले, पट्ट्यात हात अडकला, हवा खेळती नाही, अशा गोष्टींचा विचार त्या कायद्यात होता. कारखान्याची भिंत ओलांडून संकट शेजारच्या वस्तीत जाईल याचा विचार त्यात फारसा नव्हता.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही साहित्य घेऊन. रसायनशास्त्राशी ओळख दहावीच्या पुस्तकापुरती. तरीही या विषयावर बोलायला बसलो, कारण कल्याणला जन्म गेला आणि आमच्या घरात कारखाना रोज संध्याकाळी अब्बांच्या कपड्यांबरोबर यायचा. ते एका मोठ्या कारखान्यात फिटर होते. गेटवर बिडी आणि काडेपेटी काढून ठेवावी लागे आणि सुटीच्या वेळी परत मिळे. "आत ठिणगी म्हणजे मौत," एवढेच ते सांगायचे. आत नेमके काय आहे हे अम्मीने कधी विचारले नाही. मोहल्ल्यात तर वाऱ्याबरोबर येणाऱ्या वासावरून लोक पाळी ओळखायचे. कुजक्या मुळ्यासारखा एक वास असे. तो कार्बन डायसल्फाइडचा, हे मला फार नंतर समजले.

या रसायनाबद्दल थोडे सांगतो, म्हणजे 'धोकादायक' हा शब्द हवेत राहणार नाही. रेयॉनचा धागा करण्यासाठी ते लागते. ते इतके लवकर पेट घेते की ठिणगीची गरज नसते. ज्या नळीतून वाफ वाहते तिचा तापलेला पत्राही त्याला पुरतो. ते पाण्यापेक्षा जड असल्यामुळे पाण्याच्या थराखाली साठवतात, म्हणजे हवेचा संबंध तुटतो. २३ सप्टेंबर २०२३ रोजी शहाडच्या रेयॉन कारखान्यात याच रसायनाच्या टँकरचा स्फोट झाला आणि कामगार दगावले. शहाड म्हणजे कल्याणच्या पुढचे स्टेशन.

आता पुन्हा इतिहासाकडे. औद्योगिक सुरक्षिततेच्या कायद्यांची कुंडली मांडली तर एक गोष्ट सारखी दिसते. प्रत्येक कायद्यामागे एक स्फोट आहे. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे मेली, तेव्हा पुढच्या वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो गावी एक कारखाना उडाला आणि २८ माणसे गेली. तिथे सहापैकी एका रिअॅक्टरला तडा गेला म्हणून तो काढला होता आणि काम थांबू नये यासाठी मधे एक तात्पुरती नळी जोडली होती. त्या नळीचा आराखडा वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढला होता. तो दिवस शनिवार होता, कचेरी बंद होती, म्हणून आकडा २८ वर थांबला. दोन वर्षांनी इटलीत सेवेसो गावावर विषारी ढग पसरला आणि युरोपने धोकादायक कारखान्यांसाठी नवे नियम केले.

आपल्याकडे ती वेळ २ डिसेंबर १९८४च्या रात्री आली. भोपाळबद्दल खूप लिहिले गेले आहे. मी फक्त दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी सुटा केलेला होता आणि वायू धुऊन काढणारी यंत्रणा तयारीत नव्हती. म्हणजे सुरक्षेची साधने कागदावर होती, जागेवरही होती, पण चालू नव्हती. दुसरी गोष्ट अशी की तोंडावर ओला कपडा धरा आणि वाऱ्याच्या दिशेने धावू नका, एवढे साधे दोन शब्द वस्तीतल्या माणसांना आधी कुणी सांगितलेले नव्हते. हे दोन शब्द फुकट होते.

भोपाळनंतर एका वर्षाने दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जो धोक्याचा धंदा करतो त्याची जबाबदारी संपूर्ण आहे, चूक कुणाची ही सबब चालणार नाही. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात नवे प्रकरण घातले गेले. त्यात एक कलम होते ज्याला मी त्या कायद्याचे काळीज म्हणेन. धोक्याची प्रक्रिया चालवणाऱ्याने त्या धोक्याची माहिती कामगारांना, सरकारी निरीक्षकांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या सामान्य जनतेला द्यावी, असे ते कलम सांगत होते. सामान्य जनता म्हणजे तुम्ही, मी आणि शेजारच्या चाळीतल्या आजी. पाठोपाठ १९८९चे घातक रसायनांचे नियम आले. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असेल तर कारखान्याने आतल्या संकटाचा आराखडा करावा आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम घ्यावी. बाहेरच्या वस्तीचा आराखडा जिल्ह्याच्या यंत्रणेने करावा आणि वर्षातून एकदा त्याचीही तालीम व्हावी. १९९६ मध्ये जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमण्याचे नियम झाले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की कोणती घातक रसायने किती वापरली जातात हे कारखान्याने मुख्य दरवाजाबाहेर फलकावर लिहावे. १९४८च्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहितेने घेतली आहे आणि माहिती देण्याचे बंधन तिच्यातही आहे.

म्हणजे कायद्याने लाल बावटा लावायला सांगितला, एकदा नव्हे, चारदा सांगितला. प्रश्न असा की तो आपल्या ठाणे जिल्ह्यात कुठे फडकताना दिसतो?

यासाठी आपल्या वस्त्यांचा इतिहास पाहावा लागेल. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले. मुंबईत दाटी झाली आहे, कारखाने बाहेर न्यावेत, हे त्या काळाचे शहाणपण होते. ठाण्याची वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली, अंबरनाथ या वसाहती त्यातून वाढल्या. तेव्हा डोंबिवलीच्या पूर्वेला शेते आणि गावे होती. मोकळे माळरान पाहून कारखान्यांना जागा दिली गेली. कारखान्यांत काम मिळाले म्हणून माणसे आली, रेल्वे होती म्हणून नोकरदार आले, मुंबईत घर परवडेना म्हणून आणखी आले. औद्योगिक वसाहतीतच निवासी विभागही वसला. आधी कारखाने की आधी घरे, हा वाद डोंबिवलीत आजही रंगतो. खरे तर दोघेही परवानगी घेऊनच आले. मधली मोकळी जागा राखणे हे परवानगी देणाऱ्यांचे काम होते आणि ती जागा हळूहळू विकली गेली.

ठाणे शहरात वेगळे घडले. कोलशेत, बाळकूम, पोखरण रस्ता या भागांतले मोठे रासायनिक आणि औषधी कारखाने एकेक करून बंद झाले आणि तिथे टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. हे सुरक्षिततेच्या विचाराने झाले असे वाटेल, पण तसे नाही. जमिनीला सोन्याचा भाव आला म्हणून ते झाले. डोंबिवलीच्या लहान लहान भूखंडांना तसा भाव आला नाही, म्हणून ते कारखाने राहिले. मोठ्या कारखान्याला निदान सुरक्षा अधिकारी असतो, स्वतःचा बंब असतो. लहान कारखान्यात मालक, केमिस्ट, दोन-तीन ऑपरेटर आणि बाकी ठेकेदाराची माणसे. असा एकेकटा कारखाना साठ्याच्या मर्यादेच्या आत राहू शकतो आणि मग आराखडा, तालीम हे मोठे नियम त्याला लागू होत नाहीत. पण भिंतीला भिंत लावून असे अनेक उभे राहिले की त्यांची बेरीज कोण करणार?

२६ मे २०१६ रोजी दुपार होण्याच्या सुमारास डोंबिवली एमआयडीसीतल्या प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. १२ माणसे गेली, दोनशेच्या आसपास जखमी झाली. गेलेल्यांत मालकांच्या घरची तरुण माणसेही होती. निष्काळजीपणा मालक-मजूर असा भेद करत नाही. चौकशी समितीने प्रोपार्जिल क्लोराइड या भडकणाऱ्या रसायनाकडे आणि जवळ चाललेल्या वेल्डिंगच्या कामाकडे बोट दाखवले. वेल्डिंगच्या आधी तिथली हवा तपासायची, भोवतालची पिंपे हलवायची, एका जबाबदार माणसाने लेखी परवाना द्यायचा, ही पद्धत जगभर आहे आणि कारखान्यात तिला 'हॉट वर्क परमिट' म्हणतात. अब्बांच्या गेटवरची काडेपेटी काढून घेणारा चौकीदार हेच काम करत होता. त्या समितीचा अहवाल लगेच लोकांपुढे आला नाही. तो माहितीच्या अधिकारात मागून घ्यावा लागला. ज्यांच्या घरांच्या काचा फुटल्या त्यांनाच कारण कळायला अर्ज करावा लागला.

आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, दुपारी दीडच्या पुढे फेज दोनमधल्या अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. दहाहून अधिक माणसे गेली. काहींची ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली. शेजारचे कारखाने उद्ध्वस्त झाले, दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. पहिल्या बातम्या होत्या 'बॉयलर फुटला' अशा. नंतर कळले की स्फोट रिअॅक्टरचा होता.

शब्दांवर जगणारा माणूस म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते. त्याच्यासाठी दीडशे वर्षांपासून कायदे आहेत, वेगळे खाते आहे, ठरलेल्या वेळी तपासणी आहे. रिअॅक्टरमध्ये एका पदार्थाचा दुसरा पदार्थ होतो. आपल्या प्रेशर कुकरचे उदाहरण घ्या. शिट्टी अडकली आणि वाफ कोंडली तर आपण गॅस बंद करतो, कुकर निवतो. कारण आग बाहेर असते. रिअॅक्टरमध्ये पुष्कळदा आग डाळीतच असते. रसायने एकमेकांशी भिडताना स्वतःच उष्णता देतात. बाहेरून थंड पाणी फिरवून ती उष्णता काढून घ्यायची असते. पाण्याचा पंप बंद पडला, वीज गेली, ढवळणारे पाते थांबले किंवा घाईत माल जास्त ओतला, तर तापमान चढते. तापमान चढले की प्रक्रिया वेगाने होते आणि वेग वाढला की तापमान आणखी चढते. दर दहा अंशांना वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. मग बंद करायला गॅसच नसतो. भांडे मोठे असेल तर संकट अधिक, कारण आतला माल जितका वाढतो तितका थंड होणारा पत्रा वाढत नाही.

म्हणून आगीचा कायदा आणि प्रक्रियेची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्राचा २००६चा आग प्रतिबंधक कायदा सांगतो की आग विझवण्याची यंत्रणा चालू आहे असे प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत द्यावे. ते हवेच. पण नळाला पाणी आहे, भिंतीवर लाल नळकांडी टांगली आहेत, याने रिअॅक्टरच्या आतली उष्णता मोजली जात नाही. आग लागल्यावर काय करायचे, हे एक प्रमाणपत्र सांगते. आग लागूच नये म्हणून आत काय मोजले जाते, कोण मोजते आणि मोजमाप बिघडले तर कुणाला काम थांबवण्याचा अधिकार आहे, हे दुसरे कुणीतरी विचारायला हवे. आपल्याकडे अग्निशमन दल एक गोष्ट पाहते, औद्योगिक सुरक्षा संचालनालय दुसरी, प्रदूषण मंडळ तिसरी, स्फोटके खाते चौथी. प्रत्येकाच्या फायलीत कारखान्याचा एक तुकडा असतो. अख्खा कारखाना फक्त रात्रपाळीच्या ऑपरेटरला दिसतो.

प्रत्येक स्फोटानंतर एकच मागणी होते, कारखाने हलवा. २०२२ साली १५६ कारखाने पाताळगंगेला हलवण्याचा निर्णय जाहीर झाला होता. २०२४च्या स्फोटानंतर पुन्हा स्थलांतराची घोषणा झाली. डोंबिवलीकरांची मागणी मला समजते. दोन स्फोट आणि रसायनांनी गुलाबी झालेला रस्ता पाहिलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? पण साठ वर्षांपूर्वी आपण हेच केले होते. मुंबईतून धोका उचलला आणि डोंबिवलीच्या माळावर ठेवला. माळाचे शहर झाले. आता इथून उचलून पाताळगंगेच्या काठावर ठेवू. तिथेही गावे आहेत, तिथेही रस्ता जाईल, रोजगार येईल, मग इमारती येतील. कारखान्याबरोबर फक्त यंत्रे हलली आणि माहिती लपवण्याची सवयही तशीच हलली, तर चाळीस वर्षांनी तिथला एखादा कवी असेच भाषण करेल.

म्हणून मी लहानशी गोष्ट मागतो. कारखान्यांच्या गेटवरचे फलक मी येता-जाता वाचतो. पुष्कळ ठिकाणी रंग उडालेला असतो, अक्षरे इंग्रजी असतात आणि रकाने रिकामे असतात. तो फलक मराठीत आणि हिंदीत असावा. त्यावर रसायनाच्या नावापुढे साध्या शब्दांत लिहावे, हे पेटते की फुटते की श्वासातून मारते. भोंगा वाजला तर घरात थांबायचे की बाहेर पडायचे, आणि बाहेर पडायचे तर कुठल्या बाजूला, हे शेजारच्या प्रत्येक सोसायटीला आणि शाळेला लेखी कळावे. सोसायटीच्या चिटणीसांनी एक साधे पत्र जिल्हाधिकारी कार्यालयाला लिहावे की आमच्या भागाचा बाहेरचा आपत्ती आराखडा आहे का, त्याची शेवटची तालीम कधी झाली आणि आम्हाला कधी बोलावणार? हे विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही, बी.ए. पुरते.

आणि एवढे आजच घरात मुलांना सांगा. एमआयडीसीच्या बाजूला धूर किंवा उजेड दिसला तर खिडकीशी बघायला जाऊ नका. डोंबिवलीच्या दोन्ही स्फोटांत अनेक माणसे घरात आणि दुकानात फुटलेल्या काचांनी जखमी झाली. खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीशी बसा. वायूचा वास आला तर नाकातोंडावर ओला रुमाल धरा. बाहेर पडावेच लागले तर वाऱ्याबरोबर धावू नका, वाऱ्याला आडवे चालत बाजूला व्हा. वारा कुठला आहे हे गच्चीवरच्या वाळत्या कपड्यांवरून कळते.